दर्या दौलतच्या भिंतीवरची लढाई

म्हैसूरहून श्रीरंगपट्टणला जाणारी बहुतेक मंडळी रंगनाथस्वामींचं दर्शन घेतात, मग टिपूची कबर असलेला गुंबज, आणि वेळ उरलाच तर दर्या दौलत. मी थेट दर्या दौलत गाठलं. टिपूने 1784 मध्ये बांधलेल्या या महालाची पश्चिमेची भिंत मला निवांत बघायची होती.

भिंतभर पोल्लिलूरची लढाई रंगवलेली आहे, 10 सप्टेंबर 1780 ची. नाना फडणविसांनी त्या वर्षी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध मोट बांधली होती, आणि हैदर अर्काटच्या मुलखात उतरला होता. कांचीपुरमजवळ इंग्रजांच्या कर्नल बेलीची फौज कापली गेली. चित्रात लाल डगलेवाले चौकोन करून कोंडलेत, आत पालखीत जखमी बेली तोंडात बोट घालून बसलाय, दारूगोळ्याच्या गाडीचा भडका उडालाय. चहूबाजूंनी म्हैसूरचे घोडेस्वार. आणि टिपू? तो गुलाबाचं फूल हुंगतोय! या एका फुलापुढे मी बराच वेळ थांबले.

आत संग्रहालयात चित्रकार रॉबर्ट कर पोर्टरच्या नावाचं तैलचित्र आहे, 4 मे 1799 ला इंग्रजांनी श्रीरंगपट्टणवर केलेल्या हल्ल्याचं. भारत न पाहिलेल्या पोर्टरने 1800 मध्ये लंडनकरांना सुमारे 120 फुटी लांब चित्र रंगवून हाच हल्ला दाखवला होता.

हल्ल्याचा म्होरक्या होता डेव्हिड बेअर्ड. पोल्लिलूरला पकडला गेलेला हा माणूस तीन वर्षांहून अधिक काळ इथेच कैदेत होता. त्याच्या विधवेने चित्रकार डेव्हिड विल्कीकडून काढून घेतलेलं 1839 चं भव्य चित्र स्कॉटलंडमध्ये आहे. मी ते छापील स्वरूपातच पाहिलंय. टिपूच्या प्रेताशेजारी बेअर्ड उभा, कंदिलाचा उजेड, आणि पायाशी त्याच्याच जुन्या कोठडीची जाळी. सूड म्हणजेच न्याय, असं हे चित्र सांगतं. मला ते पटत नाही.

पण पोल्लिलूरची भिंत तरी टिकली कशी? 1799 नंतर या महालात इंग्रज सेनाधिकारी आर्थर वेलस्ली राहिला, आणि त्याने ती दुरुस्त करवली. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीनेही पुन्हा रंगवून घेतली. जेत्यांनी स्वतःचीच दाणादाण का जपली असावी? मला वाटतं, बेलीचे हाल डोळ्यांसमोर राहिले, की श्रीरंगपट्टणची लूट रास्त ठरवणं सोपं जातं.