मजबूत, पण निघण्याजोगे

दातांच्या दवाखान्यात सर्वांत कमी मान कोणाला मिळत असेल, तर तो दाढेचा खड्डा बुजवणाऱ्या किंवा कॅप चिकटवणाऱ्या तात्पुरत्या सिमेंटला आणि पक्की कॅप तयार होईपर्यंत दातावर बसणाऱ्या तात्पुरत्या कॅपला. पक्क्या कॅपचे कौतुक घरीदारी होते. ती धातूची घ्यावी, सिरॅमिकची की झिरकोनियाची, यावर जेवणाच्या टेबलावर चर्चा झडतात आणि वॉरंटी कार्ड तर लग्नाच्या दागिन्यांच्या पावतीशेजारी जपून ठेवले जाते. तात्पुरत्या कॅपविषयी मात्र रुग्ण एकच प्रश्न विचारतो, "हिचे वेगळे पैसे पडणार का?"

वास्तविक तिच्याकडून असलेल्या अपेक्षा पाहिल्या तर पक्क्या कॅपचे काम सोपे वाटावे. पक्कीने फक्त टिकायचे असते. तात्पुरतीने दोन-तीन आठवडे पोळी-भाजी चावण्याचा भार सोसायचा आणि ठरल्या दिवशी डॉक्टरांनी हत्याराचे टोक लावले, की खालच्या दाताचा टवकाही न उडवता सुटून यायचे. शिंप्याने कोट अंगावर बेतून पाहण्यासाठी घातलेल्या कच्च्या टाक्यांकडून हीच अपेक्षा असते. फरक इतकाच, की तो कोट घालून कोणी भाकरी तोडत नाही.

तात्पुरत्या सिमेंटांतले सर्वांत जुने आणि ओळखीचे म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे मिश्रण. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दवाखान्याच्या दारातून आत जाताच जो वास छातीत धडकी भरवतो, त्यात याचा वाटा मोठा असतो. डॉक्टरांची सहायिका काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड आणि दोन-चार थेंब तेल घेऊन लहानशा पात्याने ते दाबून-घोटून घट्ट गोळी करते, आणि ती गोळी दाढेच्या खड्ड्यात गेली की तोंडातल्या उबेने व ओलाव्याने लवकर धरते. ठणकणारी दाढ त्याने शांतही होते. मात्र या गुणी द्रव्याला एक खोड आहे: युजेनॉलमुळे रेझिनची, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या द्रव्याची, सिमेंटे आणि दाताच्या रंगाची भरणे नीट कडक होत नाहीत. म्हणून पुढे रेझिनचे काम करायचे असेल, तर बरेच डॉक्टर युजेनॉल नसलेले तात्पुरते सिमेंट वापरतात.

दुसरा प्रकार आयत्या मळलेल्या लगद्याचा. यात झिंक ऑक्साइडबरोबर कॅल्शियम सल्फेट असते. हा लगदा लाळेतले पाणी शोषून कडक होतो आणि होताना किंचित फुगून खड्ड्याच्या भिंतींना चिकटून बसतो. ज्या लाळेला आत येऊ द्यायचे नाही, तिच्याच जोरावर दार बंद करायचे, ही युक्ती मला फार आवडते. पण त्यासाठी थर किमान साडेतीन मिलिमीटर जाड असावा लागतो. रूट कॅनालच्या दोन बैठकांमध्ये खाली कापसाचा बोळा जास्त झाला आणि वर सिमेंटाला जागाच उरली नाही, तर लाळ आणि तिच्यासोबतचे जंतू धुऊन स्वच्छ केलेल्या नलिकांमध्ये पुन्हा मुक्कामाला येतात.

कॅपची कथा आणखी नाजूक. दात चारही बाजूंनी घासून बारीक केला, की त्यातल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात आणि तो जिवंत असेल तर गार पाण्याच्या घोटाने कळ थेट डोक्यात जाते. म्हणून घासण्यापूर्वीच दाताचा ठसा घेऊन ठेवतात, मग त्या ठशात पातळ रेझिन भरून तो घासलेल्या दातावर बसवतात, आणि काही मिनिटांत मूळ दाताच्या आकाराची कॅप तयार होते. जुन्या पद्धतीचे ॲक्रिलिक रेझिन कडक होताना चांगलेच तापते, तेव्हा ते वेळेवर काढून पाण्याने गार करावे लागते. त्यानंतर कडा घासणे सुरू होते. कड हिरडीत रुतली तर हिरडी सुजते, रक्त येते आणि पक्की कॅप चिकटवण्याच्या दिवशी सगळा विचका होतो. कड आखूड राहिली तर दात उघडा. शेवटी निळा कागद दातांमध्ये धरून "चावा, आता इकडे-तिकडे घासा" हा विधी होतो. कॅप उंच असेल तर दुखते, हे कोणालाही कळते. ती बुटकी असेल तर दुखत नाही, आणि खरा धोका तोच: चावताना तिच्यावर टेकणारा विरुद्ध जबड्यातला दात मोकळ्या जागेकडे सरकू लागतो, शेजारचा कलतो, आणि प्रयोगशाळेतून मापात करून आलेली कॅप बसायलाच तयार होत नाही.

समोरच्या दातांना तर ही रंगीत तालीमच असते. दात थोडा लांब झाला का, 'स' म्हणताना शिट्टी वाजते का, हसताना ओठ अडखळतो का, हे सारे स्वस्तातल्या रेझिनवर पाहून घ्यावे आणि मगच महागड्या सिरॅमिकला हात घालावा.

इतके सारे निगुतीने केल्यावर रुग्णाला दोनच गोष्टी पाळायच्या असतात. चिक्की, सुपारी, तिळाची वडी त्या बाजूला न्यायची नाही, आणि दातांमधला दोरा वर न ओढता बाजूने सरकवून काढायचा. तिसरी गोष्ट, म्हणजे पुन्हा येणे, डॉक्टर गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. ठणका थांबला, की 'गरज सरो, वैद्य मरो' हे आपण मनोभावे आचरणात आणतो. दोन-तीन आठवड्यांसाठी भरलेले सिमेंट गणपतीपासून होळीपर्यंत तोंडात राहते, झिजते, कडेने गळू लागते, आणि मग दाढ पुन्हा ठणकली की दोष रूट कॅनालला. तात्पुरते काम इतके बरे झाले, की त्यावाचून अडेनासे झाले, ही त्या सिमेंटाची चूक म्हणता येत नाही.

वेळेवर जाणाऱ्यालाही कधी गंमत पाहायला मिळते. पक्की कॅप बसली, रंग जुळला, तरी चावण्याविषयी शंका असेल तर डॉक्टर तीही तात्पुरत्या सिमेंटानेच चिकटवतात आणि काही दिवस वापरून बघायला सांगतात. वॉरंटी कार्ड हातात येते, पैसे पूर्ण दिलेले असतात, आणि निघताना सहायिका आठवण करून देते, की चिक्की अजून सुरू करायची नाही.