तुम्ही विचारलंत म्हणून: भाव मोबाइलवर दिसतो, मग कांदा स्वस्तात का जातो?

पुण्याचे पाहुणे असोत नाहीतर शहरात नोकरीला गेलेले जुने मित्र, कांद्याचा विषय निघाला की हे विचारतातच. आता सगळं मोबाइलवर कळतं ना, मग तुम्ही लोक कमी भावात का देऊन टाकता?

कळतं, हे खरंय. आधी संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव, दुसऱ्या दिवशी पेपर, आणि मधे बाजारातून परत आलेला कोणी सांगेल ते. २००० साली सरकारचं अॅगमार्कनेट, म्हणजे बाजारभावाची वेबसाइट, सुरू झालं पण गावात ते बघणार कोण आणि कशावर! खरा फरक पडला २०१६ ला जिओ आल्यावर. आता लासलगावला लिलाव चालू असतानाच पहिल्या ट्रॅक्टरला काय निघाला ते ग्रुपवर येतं, पिंपळगावचं येतं, विंचूरचं येतं, त्यामुळे ट्रॅक्टर कुठे न्यायचा ते घरूनच ठरतं आणि वाटेत गाठून "आज बाजार पडलाय" म्हणत माल घेणाऱ्याचं फारसं चालत नाही. हा फायदा मोठाच आहे.

पण ग्रुपवर फिरतं काय ते बघा. बाजार समिती तीन आकडे देते, किमान, कमाल, सरासरी. फॉरवर्ड होतो तो कमाल. तो एखाद्या निवडक, सुकलेल्या मालाला मिळालेला असतो, बाकी बहुतेक ट्रॅक्टर सरासरीच्या आसपासच जातात. वर यूट्यूबवाले. एका व्हिडिओवर "कांदा ५००० पार" आणि दुसऱ्यावर "आवक वाढणार, विकून मोकळे व्हा", तर कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमधे, माल भरून ठेवलेला माणूस कुठला उघडेल? आणि एकदा उघडला की तसलेच पुढ्यात येत राहतात. पूर्वी वाट्टेल ते सांगणारा निदान गावातला असायचा, पारावर धरता यायचा.

आणि बातमी वेळेवर मिळाली तरी काय होतं ते २०२३ ला बघितलं. ऑगस्टमधे ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी. व्यापाऱ्याला कळली तेव्हाच आम्हालाही कळली, मोबाइलवरच. लिलाव बंद पडले, चांदवडला हायवेवर रास्ता रोको झाला. पण तो लाल कांद्याचा सीझन, आणि लाल कांदा उन्हाळ्यात निघणाऱ्या उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्महिने टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, व्यापारी मात्र चार दिवस हात आखडून बसू शकतो. मे २०२४ मधे बंदी उठली, ती पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातभाव आणि ४० टक्के शुल्काची अट ठेवून, तोवर तो लाल कांदा कधीच विकून झाला होता.

तेव्हा भाव दिसतो हो, तुम्हाला दिसतो तेवढाच मलाही. पण त्याच दिवशी मजुरी द्यायची असते, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता असतो, पुढच्या पिकाला वावर मोकळं करायचं असतं. आणि बघायचंच असेल तर भावाशेजारी आवक किती क्विंटल लिहिलीय ते पण बघत जा, आम्ही आधी तेच बघतो.