तुम्ही विचारलंत म्हणून: ग्योर्लिट्समध्ये काय बघायचं?

ड्रेस्डेनला राहायला लागल्यापासून पुण्या-नाशिकहून येणारी ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "प्राग झालं, बर्लिन झालं, अजून एक दिवस हातात आहे, कुठे जाऊ?" मी ग्योर्लिट्स म्हणते. लगेच पुढचा प्रश्न येतो, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" फोनवर याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्योर्लिट्स हे जर्मनीतलं सगळ्यात पूर्वेकडचं शहर. ड्रेस्डेनहून रेल्वेने सव्वा ते दीड तास. नाइसे नदीच्या पश्चिम काठावर ग्योर्लिट्स, पूर्व काठावर पोलंडचं झ्गोझेलेत्स. 1945 पर्यंत हे एकच गाव होतं. माझं सांगणं एवढंच, की बघायचं तर दोन्ही काठ बघा. बहुतेक पाहुणे जुन्या चौकात फोटो काढतात, पुलापर्यंत येतात आणि मागे फिरतात. मला दर वेळी हळहळ वाटते.

स्टेशनवरून निघालात की आधी थेट नदीकडे उतरा. जुन्या गावाचा हा पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. इथला आधीचा पूल 7 मे 1945 ला, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. दुसऱ्याच दिवशी जर्मनीची शरणागती झाली. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं या जागी पूल नव्हता. आजचा पूल 2004 चा, पोलंड युरोपीय संघात आला त्याच वर्षीचा. शेंगेनमुळे 2007 च्या डिसेंबरात सीमेवरची तपासणीही गेली. पण 2023 पासून जर्मनीने या सीमेवर ती पुन्हा सुरू केली आहे. तेव्हा पुलावर कुणी अडवो न अडवो, पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका.

पलीकडे गेलात की नदीलगतच्या रस्त्यावर याकोब ब्योमे याचं घर आहे. हा पायताणं शिवणारा माणूस. 1599 मध्ये त्याने हे घर घेतलं. देव, उजेड-अंधार, सुष्ट-दुष्ट यांवर त्याने 1612 मध्ये पहिला ग्रंथ लिहिला आणि गावचा मुख्य पाद्री खवळला. चांभाराने धर्माबद्दल लिहायचं म्हणजे काय! त्याला लिहायला मनाई झाली. काही वर्षं तो गप्प राहिला, मग पुन्हा लिहू लागला. आपल्याला संत रोहिदासांचं नाव ठाऊक आहे, त्यामुळे ब्योमेची गोष्ट समजायला आपल्याला वेळ लागत नाही. पुढे हेगेलसारख्या तत्त्वज्ञाने त्याला मोठा मान दिला. 1624 मध्ये तो वारला. त्याची कबर पश्चिम काठावर, निकोलाय दफनभूमीत आहे. म्हणजे आज घर पोलंडात आणि कबर जर्मनीत. हे घर बघून मग त्या कबरीपर्यंत चालत जा. वाटेत नदी लागते, दुसरं काही मला सांगावं लागत नाही.

पूर्व काठावर थोडं रेंगाळा. 1945 नंतर इथले जर्मन रहिवासी गेले आणि पोलंडच्या हातून गेलेल्या पूर्वेकडच्या प्रदेशातले विस्थापित पोलिश लोक इथे आले. पुढे 1949 च्या सुमारास ग्रीसमधल्या यादवी युद्धातून पळालेले हजारो निर्वासितही याच गावात उतरले. नदीकाठच्या रस्त्याला आजही त्या ग्रीक लोकांचं नाव आहे. बागेतली घुमटाची भव्य इमारत म्हणजे सांस्कृतिक भवन. पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी ही नदीसीमा मान्य केल्याचा करार 6 जुलै 1950 ला तिथेच झाला. माझी आजी फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या आठवणी सांगायची. त्या भवनासमोर उभी राहिले की मला त्याच आठवतात.

आता पुन्हा पूल ओलांडून या. समोर उंचावर दोन टोकदार मनोऱ्यांचं पेटर्सकिर्शं, म्हणजे सेंट पीटरचं चर्च. आतल्या ऑर्गनला 'सूर्य-ऑर्गन' म्हणतात. एउजेनियो कास्पारिनी याने तो 1697 ते 1703 या काळात घडवला. दर्शनी भागावर सोनेरी सूर्यमुखं आहेत आणि त्यांच्याभोवती किरणांसारख्या नळ्या. नक्षीची चौकट जुनी, आतलं वाद्य 1997 चं. वादन असेल त्या दिवशीच जा, नुसतं बघून समाधान होत नाही. चर्चशेजारी जुनं 'वाइडहाउस' आहे. वाइड या झाडाच्या पानांपासून निळा रंग करत, आणि त्याच्या साठवणुकीचा हक्क या गावाकडे होता. पुढे भारतातली नीळ जहाजांनी युरोपात पोचली आणि वाइडचा धंदा बसत गेला.

बाजारचौकातलं भराभर सांगते. नगरभवनाच्या वळणदार जिन्यावर 1591 ची न्यायदेवता आहे, तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. जवळच एका दाराच्या कमानीत एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, विजापूरच्या गोलघुमटाची धाकटी बहीणच. सिनेमावाल्यांची इथे वर्दळ असते. आणि ही घरं इतकी नीटस कशी, याचं एक उत्तर गुप्तदान. 1995 पासून दोन दशकांहून जास्त काळ कुणी एक अनामिक दाता दरवर्षी दहा लाख मार्क, पुढे तेवढ्याच मोलाचे युरो, जुन्या गावाच्या डागडुजीसाठी पाठवत होता. अट एकच, माझा शोध घेऊ नका.

एका जागेला मात्र वेळ द्या: हायलिगेस ग्राब, पवित्र थडगं. गावचा श्रीमंत व्यापारी गेओर्ग एमेरिश 1465 मध्ये जेरुसलेमला जाऊन आला. तिथल्या येशूच्या समाधीची प्रतिकृती पुढे इथे उभी राहिली, 1504 पर्यंत. ज्यांना पंढरी गाठता येत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे प्रतिपंढरपूर असतं, तसंच हे. जेरुसलेममधली मूळ वास्तू 1808 च्या आगीनंतर नव्याने बांधली गेली, त्यामुळे तिचं मध्ययुगीन रूप पाहायला माणसं या छोट्या दगडी खोलीपाशी येतात.

शेवटी नदीकाठच्या बागेतला एक दगड. पंधरा अंश पूर्व रेखावृत्त या गावातून जातं, मध्य युरोपची घड्याळं त्यावर लावलेली आहेत. बाबा आले होते तेव्हा त्या दगडापाशी बोटांवर मोजत उभे राहिले. आपलं साडेब्याऐंशी, त्यातून पंधरा गेले, उरले साडेसदुसष्ट. तासाला पंधरा अंश, म्हणजे साडेचार तास. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे करतात म्हणून साडेतीन, हेही मी सांगितलं. "म्हणजे तू रोज फोन करताना जे साडेचार धरतेस," ते म्हणाले, "ते इथून मोजायचे होय." आणि खिशातून फोन काढून साताऱ्याला आईला लावला. तिकडे दिवेलागण झाली होती.