मॅक्रो लेन्स लावली, पण नेमकं किती जवळ जायचं?

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला पाण्याखाली मॅक्रो लेन्स जोडणाऱ्या माणसाला एकच आकडा हवा असतो. लेन्सच्या काचेपासून किती सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट येतं? माझ्या लेन्सच्या खोक्यात सगळं होतं, फक्त तो आकडा नव्हता. कागदावर '+१५' आणि खाली 'जवळच्या चित्रणासाठी', एवढंच. विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर आलं, 'जवळ जा.' किती जवळ, हे पुन्हा विचारल्यावर उत्तरच आलं नाही. त्याचा राग मला अजून आहे, कारण या लेन्सच्या वापरात खरी अडचण तेवढीच आहे.

बसवणं सोपं असतं. वॉटरप्रूफ केसच्या तोंडावर लेन्स घट्ट बसते. बिजागरीवाली मिळाली तर तीच घ्या, कारण वर उचलली की कॅमेरा पुन्हा नेहमीसारखा रुंद दिसतो. लेन्स दोरीने बांधून ठेवा.

आता अंतराचं. बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचा फोकस कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. साधारण ३० सेंमीच्या पुढचं सगळं स्पष्ट, अलीकडचं धूसर. मॅक्रो लेन्स हा स्पष्ट पट्टा कॅमेऱ्याच्या जवळ ओढते, पण त्याची जाडी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उरते. मोठ्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र, बारीक करून हा पट्टा वाढवता येतो. इथे अ‍ॅपर्चरही ठरलेलं. त्यात मागचा स्क्रीन इतका लहान की त्यावर सगळंच स्पष्ट वाटतं. नुडिब्रँक म्हणजे ती रंगीत समुद्री गोगलगाय. ती पळत नाही, शांत बसून चित्रण करू देते. आणि तरीही घरी मोठ्या पडद्यावर पाहावं, तर मागच्या कल्ल्यांचा पिसारा स्पष्ट आणि डोक्यावरची दोन शिंगं धूसर! ज्यासाठी खाली गेलो, नेमकं तेच हरवलेलं.

मग मी आकड्याच्याच मागे लागले. खोक्यावरचा '+' आकडा म्हणजे डायॉप्टर, लेन्सच्या ताकदीचं माप. त्याचा हिशेब सरळ आहे. १०० सेंमीला त्या आकड्याने भागायचं. +१० म्हणजे १० सेंमी, +१५ म्हणजे सुमारे ६.७. पण हा हिशेब हवेतला, आणि लेन्स वापरायची पाण्यात. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून बघताना वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. म्हणून समोर सपाट काच आणि आत हवाबंद पोकळी असलेल्या लेन्सला ६.७ सेंमीचे पाण्यात जवळपास ९ होतात. लेन्स साध्या वक्र काचेची असेल आणि दोन्ही बाजूंना पाणी असेल, तर तिची ताकदच घटते. काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांत फरक फार थोडा, त्यामुळे अशा लेन्सचं नाभीय अंतर पाण्यात साधारण साडेतीन-चार पट होतं. म्हणजे खोक्यावरचा आकडा हवेतला की पाण्यातला, हे सांगितलं नसेल तर त्याचा उपयोग शून्य. एक ओळ छापायची होती, ती छापली नाही.

शेवटी मोजूनच काढलं. मोठ्या टबात पाणी भरलं आणि प्लॅस्टिकची फूटपट्टी तिरकी धरली, शून्य लेन्सच्या काचेजवळ आणि दुसरं टोक दूर. दिवा लावून चित्रण केलं आणि ते संगणकावर पूर्ण आकारात पाहिलं. मिलिमीटरच्या रेघा कुठून सुट्या दिसायला लागतात आणि कुठे पुन्हा एकमेकींत मिसळतात, तेवढंच बघायचं. माझ्या लेन्सचा पट्टा साधारण ७ ते १० सेंमी निघाला, सर्वात स्पष्ट ८ आणि ९ च्या मध्ये. त्या क्षणी झालेला आनंद मी विसरणार नाही. हे काम पाण्यातच करा, कोरड्या टेबलावरचं मोजमाप समुद्रात चालत नाही.

मग कॅमेरा ज्यावर बसवतो त्या ट्रेच्या खालच्या बाजूला तेवढ्याच लांबीची बारीक काडी बसवली, टोक चित्राच्या चौकटीच्या जरा बाहेर. काडीचं टोक जिथे, फोकस तिथे. स्क्रीनकडे बघून अंदाज बांधायची गरजच संपली. मात्र काडी फक्त अंतरासाठी आहे, प्राण्याला किंवा प्रवाळाला टोचण्यासाठी नाही. प्रवाळावर हात टेकून स्थिर राहायचं असेल, तर तो फोटो सोडून द्या. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत मॅक्रोच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

एका जागी ताटकळण्यापेक्षा रेकॉर्डिंग सुरू करून हळूच पुढे सरका आणि तसेच मागे या. कुठेतरी पट्टा डोळ्यांवरून जातोच. ४के व्हिडिओची एक चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, त्यातून चांगला फोटो निघतो. चित्र स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझेशनवर विसंबू नका. ते कॅमेरा वळल्याचा हिशेब करतं, पण इतक्या जवळ आपण डावी-उजवीकडे सरकल्यानेच चित्र हलतं. दोन मुठींचा ट्रे आणि अंगाला टेकवलेली कोपरं, याने खरा फरक पडतो.

बुडबुड्यांचं सांगायचं राहिलं. साधी जोडलेन्स आणि केस यांच्या मधल्या फटीत पाणीच असावं लागतं. खाली उतरताच लेन्स उचला, दोन्ही काचांवरून बोट फिरवा, मग बंद करा. एक बुडबुडा अडकला तरी चौकटीत गोल डाग येतो.

आठ सेंमीवर केसची सावलीच प्राण्यावर पडते, म्हणून दोन दिवे हवेत, तेही बाजूंनी. समोरून मारलेला दिवा पाण्यातला प्रत्येक कण उजळवतो. लाल फिल्टर लावलेला असेल तर काढा, दिव्याच्या उजेडात तो सगळं लालभडक करतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा. चौकटीचे कोपरे काळे पडत असतील, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वाइड हा रुंद दृश्यकोन सोडून लिनियर हा अरुंद निवडा.

वर आल्यावर लेन्स आणि केस वेगळी करून गोड्या पाण्यात भिजवा, मधे अडकलेली वाळू काचेवर ओरखडे काढते. आणि केस बदलली, तर टब आणि फूटपट्टी पुन्हा काढा. काचांमधलं अंतर बदलतं, जुन्या काडीवर भरवसा ठेवू नका.