तुम्ही विचारलंत म्हणून: फाईव्ह स्टारनं किती वाचलं?

बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याकडे, सगळीकडं एकच. "फाईव्ह स्टार गीझर घेतलास, झिरो बिल आलं म्हणे. किती वाचलं बे?" चूक माझीच. जानेवारीचं हेस्कॉमचं, म्हणजे आमच्या वीज कंपनीचं, शून्याचं बिल मीच फोनवरून सगळ्यांना पाठवलं होतं.

रुपयांत सांगता येत नाही, आणि मी टाळतोय असं समजू नका. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, २०२२-२३ ची आमची महिन्याची सरासरी १४८ युनिटं धरली, वर दहा टक्के, म्हणजे १६३ च्या आत फुकट. पुढं गेलात तर जादाचे पैसे, २०० ओलांडलीत तर अख्खं बिल. मग ज्याचं मुळातच सगळं फुकटात बसतंय त्यानं दहा युनिटं वाचवली तर हाती शून्य. २०५ वाल्यानं तेवढीच वाचवली तर महिन्याचं बरंचसं बिल उडालं. तुमचा आकडा मला काय माहीत?

आमचा पूर्वीचा पंचवीस लिटरचा गीझर सकाळपासून चालूच असायचा. तो असताना जानेवारीत १९१ युनिटं. नवीन पंधरा लिटरचा बसवला आणि बटणावर कागद चिकटवला: ६ ते ६.३०, नंतर बंद. पुढच्या जानेवारीत १६२. मी वहीत लाल शाईनं २९ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग फेब्रुवारीत एकदा मला घरी राहावं लागलं. आई नवाच्या सुमाराला न्हाणीत गेली. बाहेर आली ती सरळ परड्यात उन्हाला जाऊन बसली, स्वेटरवर शाल, हात काखेत. मी सहज न्हाणीत डोकावलो. आरशावर वाफ नव्हती. बादलीत तळाला राहिलेल्या पाण्यात बोटं घातली आणि काढली.

"गीझर का लावला नाहीस?"

"तू बंद करून जातोस की. परत लावलं तर तुझं झिरो बिल जाईल की रे."

अख्खा जानेवारी. गुडघे धरलेत तिचे, अठ्ठ्याहत्तर वय. मी म्हणालो, सांगायचं नाही का? ती काही बोलली नाही, शेंगा सोलायला घेतल्या.

त्या रात्री वही परत काढली. एका युनिटात ८६० किलोकॅलरी. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ वर न्यायची तर ४४० लागतात, म्हणजे एका अंघोळीला अर्धं युनिट. हे कुठलाही स्टार बदलू शकत नाही. दोन किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट ओढतो. एक युनिट म्हणजे दोन बादल्या. घरात आम्ही तिघं. माझ्याच गणितात तिसरी बादली नव्हती, आणि मी शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवलंय.

महिन्याला १५ युनिटं आईची. उरलेली १४ बटण वेळेवर बंद केल्याची, ती जुन्या गीझरवरही बहुतेक वाचलीच असती. स्टार फसवा नाही. तापवून ठेवलेलं पाणी टाकीत किती उष्णता घालवतं तेवढंच तो सांगतो. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्याचा फायदा आहे. पण मी तर बंदच करत होतो! दुकानदारानं हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला शून्य हवं होतं.

बायको म्हणते सोलर बसवूया. बसवूही. पण पावसाळ्यात आपल्याकडं ऊन कुठलं, हे मी म्हणतो आणि ती म्हणते परत वही काढू नको.

आता कागद नाही. बिल १७७ युनिटांच्या आसपास येतं, जादाचे पैसे भरतो. काल नवाला आईसाठी गीझर लावून दूध आणायला गेलो. आलो तर बटण बंद. म्हटलं, तापलं का तरी? "झालं की माझं," म्हणाली, आणि शाल घेऊन परड्यात गेली.