सांगोल्याचे वकील आबा आणि आमच्या बाररूमची चर्चा

परवा बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या बसायच्या खोलीत, विषय निघाला की वकिलांनी राजकारणात जावं का, दोघं तिघं लगेच म्हणाले की ते दिवस गेले, आता सगळा पैशाचा खेळ आहे, मी तेव्हा काही बोललो नाही पण घरी आल्यावर पण विषय डोक्यातनं जाईना. कारण माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस येत होता, गणपतराव देशमुख, म्हणजे सांगोल्याचे आबा.

मी पण सोलापूर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कोर्टात बसतो, वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, मनाई हुकूम, हेच रोजचं काम. आबांचं मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. एलएलबी केलं, सांगोल्यात वकिली सुरू केली आणि शेतकरी कामगार पक्षाकडून 1962 ला पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर 1967, मग 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 80, 85, 90, पुन्हा 1999, 2004, 2009, 2014. अकरा वेळा, तेही एकाच मतदारसंघातनं आणि एकाच पक्षातनं!

लोक याचं श्रेय साधेपणाला देतात, एसटीतनं फिरायचे वगैरे, आणि ते खरंच आहे, एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते पण तिच्यावर बसलेला आमदार किती जणांनी बघितलाय? पण मला वाटतं खरी गोष्ट वकिलीत आहे, आणि कोर्टातल्या भाषणबाजीत तर नाहीच नाही.

तो काळ बघा. 1 एप्रिल 1957 ला कृषक दिन झाला, दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं, पण कायद्यानं मालक होणं आणि सातबाऱ्यावर नाव लागणं यात माणसाच्या चपला झिजायच्या. कूळ कायद्याच्या कलम 32 ग खाली जमिनीची किंमत ठरवायची, ती भरायची, मग फेरफार म्हणजे नाव बदलल्याची नोंद, मग त्यावर कुणाची तरी हरकत. अशा दिवसांत तालुक्याला वकिली करणाऱ्या माणसाला मुंबईत बसून केलेला कायदा तलाठ्याच्या टेबलावर येऊन कुठं अडकतो ते रोज दिसत असणार. तीच नजर घेऊन तो सभागृहात गेला तर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, विचारताना नेमकं बोट कुठं ठेवायचं हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

हरले पण दोनदा. 1972 ला, म्हणजे नेमकं दुष्काळाच्या वर्षी, आणि 1995 ला फक्त 192 मतांनी. 192 मतं म्हणजे एखाद्या वाडीचं मतदान हो, मी असतो तर महिनाभर झोपलो नसतो. पण चार वर्षांनी परत निवडून आले आणि रोजगार हमी खात्याचे मंत्री झाले, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या काळात जी योजना आली त्याच योजनेचं खातं दुष्काळी तालुक्यातल्या माणसाकडं आलं. आणि पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा, तेरा दुष्काळी तालुक्यांचा लढा, कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून इतक्या लांब आणायचं ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरायची. तारखेवर तारीख पडली तरी दावा न सोडणारा वकीलच हे करू शकतो असं मला मनापासून वाटतं.

गेल्या आठवड्यात माझ्याकडं एक म्हातारबाबा आले. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, जुने फेरफार, घडीवर फाटलेला मोजणीचा नकाशा. शेतात जायचा रस्ता शेजाऱ्यानं अडवलाय, ऊस निघत नाही, बैलगाडीसुद्धा जात नाही. मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडं अर्ज करायचा, एवढंच काम. पण बाबांनी सुरुवात केली आजोबांपासनं, कुणी कुणाला बांध दिला, कुठल्या लग्नात बोलणं मोडलं. मी मध्येच थांबवणार होतो, तर आमचे सीनियर हळूच म्हणाले, बोलू दे त्यांना. आणि वीस मिनिटांनी त्याच गोष्टीतनं निघालं की त्या रस्त्यानं गावची पालखी जायची, म्हणजे जुन्या वहिवाटीला अख्खं गाव साक्षीदार! कागदात हे कुठंच नव्हतं.

असं ऐकून घ्यायची सवय ज्याला लागली त्यानं आमदार व्हावं असं मला त्या दिवशी बाररूममध्ये म्हणायचं होतं. 2014 ला नव्वदीला टेकलेले असताना सुद्धा लोकांनी आबांना निवडून दिलं, 2019 ला ते स्वतःच उभे राहिले नाहीत, आणि 30 जुलै 2021 ला सोलापुरात गेले.

आमच्या एकाच तहसीलला रस्त्याचे असे किती अर्ज नुसते पडून आहेत, हा प्रश्न सभागृहात कुणीतरी विचारायला पाहिजे. बाबांची तारीख सोमवारी आहे. तहसीलदार साहेब मीटिंगला गेले नाहीत तर स्थळ पाहणीचा दिवस तरी ठरवून मागतो, बाबा साडेनऊलाच पिशवी घेऊन पायरीवर येऊन बसलेले असणार.