तळहातावरचा पुरावा

माझ्या शौर्यपदकाच्या शिफारशीत लिहिलंय, ‘आरोपीने पिस्तूल रोखले असता जिवाची पर्वा न करता त्याच्यावर झडप घातली.’ यातली झडप तेवढी माझी. तीही त्याच्या गावठी कट्ट्यातला, म्हणजे त्या पिस्तुलातला, एकमेव बार उडून गेल्यावरची. त्याआधीचं सगळं त्या बागेच्या रखवालदाराचं आहे. हे मी विनयाने म्हणत नाहीये. गुन्हे शाखेत इतकी वर्षं काढल्यावर पुरावा असल्याशिवाय मी बोलत नाही, आणि इथे पुरावा आहे.

मे महिना होता. जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यात एकामागून एक विहिरींवरच्या केबल चोरीला जात होत्या. केबलचोरी म्हटलं की किरकोळ गुन्हा असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. पारा ४५ च्या आसपास असताना केबल गेली की मोटार बंद, मोटार बंद की ठिबक बंद. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, केळीला ऐन उन्हात पाणी तुटलं की घड भरत नाहीत आणि वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत वाळते. चोर मात्र तीच केबल नाल्यात नेऊन जाळतो आणि उरलेलं तांबं भंगारात किलोवर विकतो.

मी या खात्यात आलो तोच एका चोरीमुळे. आमची शेती चोपडा तालुक्यात. मी शाळेत असताना विहिरीवरची मोटार गेली. आप्पा दिवसभर ठाण्यात बसून हात हलवत परत आले. नंतर जळगावहून एक वयस्कर हवालदार आले. त्यांनी वायरीचं तुटकं टोक हातात घेतलं, नखाने चाचपलं आणि आप्पांना म्हणाले, “पाटील, हे कोयत्याचं काम नाही. आरी आहे, आणि तिचे दात झिजलेत.” पुढे ती आरी सापडली, मोटारही सापडली. माझ्या डोक्यात मात्र ते तांब्याचं टोक राहिलं. ज्या वस्तूकडे आम्ही सगळे नुसते बघत होतो, ती त्या माणसाला वाचता येत होती.

तर, केबलवाले. नाल्यात जळक्या रबराचा ढीग सापडला. तिथून जवळच्याच एका टपरीवर दोन तरुण भेटले. म्हणाले, ट्रकवर आहोत, बाहेरगावचे, शेतात कशाला जाऊ? दोघांच्या बाह्यांवर केळीच्या चिकाचे डाग होते. हा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, मग तपकिरी-काळा होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. त्यांना तेव्हा हटकलं नाही, पाळत ठेवली.

तिसऱ्या रात्री ते एका बागेकडे वळले. आमची माणसं बांधावर दोन्ही बाजूंना पांगली. आत मी आणि रखवालदार. ते तडवी समाजातले, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे, साठी उलटलेले. सगळे त्यांना बाबाच म्हणत. अंधारात त्यांनी माझा हात दाबला आणि कानाशी म्हणाले, “वारा नाही हा. वाऱ्याने पान सळसळत ऱ्हातं. हे मोडलं.” मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

मी बॅटरी लावली. माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने कमरेचा गावठी कट्टा काढून सरळ माझ्या छातीवर धरला. माझे पाय हलले नाहीत. धैर्य म्हणून नव्हे. पुढे जायचं की मागे, हे शरीराला ठरवताच आलं नाही. बाबा डावीकडून आले. हातातली काठी त्यांनी टाकून दिली, कारण दोन ओळींच्या मध्ये ती फिरवायला जागाच नव्हती. उघड्या हाताने त्यांनी नळी धरली आणि पिरगाळली. बार उडाला. मग मी त्या माणसाला खाली पाडला.

उजाडल्यावर पंचनामा केला. मी उभा होतो तिथे मागच्या केळीच्या खोडात, माझ्या छातीपेक्षा वीतभर डावीकडे, छर्रे घुसले होते. भोकांतून चीक ओघळून काळा पडला होता. बाबांच्या उजव्या तळहाताची कातडी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत भाजली होती, बंदुकीच्या दारूची काजळी आत बसली होती. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जखमेच्या प्रमाणपत्रात तसंच लिहिलं. माझ्या अंगावर ओरखडाही नव्हता. कट्ट्याची नळी कोणी धरली होती, हे सांगायला साक्षीदाराची गरज नाही. तो हात आणि ते खोड पुरेसं आहे. जबाबात मी हे सगळं जसंच्या तसं दिलं होतं. दोषारोपपत्रातही बाबा आहेत, साक्षीदार म्हणून.

पदकाची शिफारस वर गेली तेव्हा मात्र कागदावर मी एकटाच उरलो. पोलीस शौर्यपदक पोलिसांसाठीच असतं, हे मला कळतं. पण म्हणून बाबांनी केलेलं काम माझ्या नावावर चढावं, हे मला मान्य नाही. २६ जानेवारीला नाव जाहीर झालं, घरी पेढे वाटले गेले, आप्पांना रडू आलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जीवन रक्षा पदक नावाचा सन्मान १९६१ पासून आहे. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं, अशा तीन श्रेणी. दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या कोणत्याही नागरिकाला तो मिळू शकतो, मग तो मजूर असो की मास्तर. बाबांसाठी तो प्रस्ताव मी स्वतः तयार केलाय. पंचनामा, खोडाचे फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि सगळ्यात वर माझा जबाब: मी जिवंत आहे तो या माणसामुळे.

सही घ्यायला गेलो तेव्हा बाबा केळीची पिलं, म्हणजे बुंध्यालगतचे कोंब, कापत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “पदकाचं ऱ्हाऊ द्या सायेब. कोर्टाची तारीख कधी ते सांगा. मजुरी बुडते त्या दिवशीची.” साक्षीदाराला कोर्टातून भत्ता मिळतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्याचा अर्ज तिथेच बांधावर बसून भरला. आधार कार्डावर त्यांचं नाव चुकीचं पडलंय. ते दुरुस्त झाल्याशिवाय प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात देता येणार नाही. सोमवारी त्यांना गाडीवर बसवून रावेरला नेतोय.